न दिलेल्या गोळ्या

खालापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूंची वंशावळ काढायचं काम चालतं. थुंकीतून जंतू वाढवायचे, त्यांचा जनुकसंच अक्षरन् अक्षर वाचायचा आणि कुठल्या औषधाला ते दाद देत नाहीत ते बघायचं, एवढंच. जंतू माणसांपेक्षा प्रामाणिक असतात, असं माझं मत आहे. पेशंट सगळ्या गोळ्या घेतल्याच्या शपथा खातो आणि त्याचे जंतू त्याची चुगली करतात. औषधाचा मारा झाला की लाखांतले दोन-चार बदललेले तेवढे तगतात आणि पुढची सारी प्रजा त्यांचीच होते. माराच झाला नाही, तर ते असे माजत नाहीत.

म्हणून कुंभिवलीच्या सोनुबाईंचा अहवाल पाहून मी आधी स्वतःवरच चिडले. जुनी सगळी औषधं त्यांच्यावर वाया गेली होती आणि एका नव्याकोऱ्या गोळीची चाचणी त्यांच्यापासूनच सुरू व्हायची होती. ती गोळी बाजारात आलेली नव्हती, कोणाला दिलेली नव्हती. खोकं माझ्या कपाटात सीलबंद होतं. आणि सोनुबाईंचे जंतू नेमके त्याच गोळीला पुरून उरले होते, तेही महिनोन्महिने तिचा मार खाऊन टप्प्याटप्प्याने बदलत गेल्यासारखे.

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा थुंकी मागवली, पुन्हा वाचली. उत्तर तेच. "यंत्राचं काय खरं, गोळ्या सुरू करा," असं वरिष्ठ म्हणाले आणि मला हायसं वाटलं. या गोळ्या चालल्या नाहीत तर सोनुबाईंसाठी दुसरं काहीच उरलं नव्हतं, आणि ती म्हातारी मला फार आवडायची.

आमचे ड्रायव्हर शकूरभाई खोकं घेऊन माझ्याबरोबर परसात आले, तेव्हा सोनुबाई पडवळाच्या मांडवाखाली बसल्या होत्या. पाखरं यायला नकोत म्हणून इथल्या बायका गोळ्यांची रिकामी पाकिटं दोऱ्यात ओवून मांडवाला बांधतात; उन्हात ती चमकतात, वाऱ्याने खुळखुळतात. जुन्या औषधांची पाकिटं मी लांबूनच ओळखली. त्यांच्या पलीकडे निळी पाकिटं होती, मांडवभर. जवळ जाऊन एकावरचं नाव वाचलं. ते आमच्या खोक्यातल्या गोळीचंच होतं.

शकूरभाईंनी खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. "मॅडम, सील तर जसंच्या तसं आहे."

"मावशी, ही निळी पाकिटं कुठली?"

"कुठली म्हंजे? तूच देत व्हतीस ना गं. रोज समोर बसून गिळायला लावायचीस." पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं त्या सांगत होत्या. "गुण काय आला नाय."

"मी आज पहिल्यांदाच देतेय, मावशी."

"बरं बाय, पहिल्यांदा तर पहिल्यांदा." त्यांनी हात पुढे केला.

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण तो हात समोर होता आणि रिकाम्या हाताने परतायची मला भीती वाटली. मी नखाने सील फोडलं. आतली पाकिटं सगळी भरलेली होती. पहिली गोळी काढून दिली. सोनुबाईंनी ती गिळली, तोंड उघडलं आणि जीभ उचलून आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवून दाखवली. ही पद्धत फक्त या चाचणीसाठी ठरली होती आणि मी त्यांना ती अजून सांगितली नव्हती.

मोकळी हवा म्हणून मी मास्क काढून खिशात ठेवला होता. सोनुबाईंनी त्या खिशाकडे बोट केलं.

"ते तोंडाला लाव गं बाय," त्या मायेने म्हणाल्या. "मागल्या खेपेला किती सांगितलं, तू ऐकलंच नायस."