टरफलांचा पिंप

त्या सकाळी दत्तात्रेयांचा रुबाब असा, की जणू शेंगांचा शोध त्यांनीच लावला होता.

हुबळीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा निकेल प्लेटिंगचा कारखाना. नळांना, कड्याकोयंड्यांना पुढे चकाकी चढवायची आणि मागच्या गटारात हिरवट पाणी सोडायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. कुणी विचारलं की ते कानावर हात ठेवत. आता त्यांच्या एम.एस्सी. झालेल्या लेकीने, नेत्राने, तिथे भुईमुगाच्या टरफलांचं पिंप बसवलं होतं. धुऊन, वाळवून, दळलेल्या टरफलांतून पाणी झिरपायचं आणि निकेल टरफलांना चिकटून राहायचं. खालून निघणाऱ्या पाण्याची तपासणी नेत्रा स्वतः करायची.

आसपासचे कारखानदार आज ते पिंप बघायला आले होते. त्यांनी हो म्हटलं तर सगळ्यांचा मिळून एक मोठा संच उभा राहणार होता आणि तो नेत्रा चालवणार होती. नाहीतर ती बंगळूरच्या नोकरीवर जाणार होती. लेक गावातच राहावी म्हणून दत्तात्रेय तोंडाला फेस येईपर्यंत बोलत होते.

"शेंगा खायच्या, टरफलं इकडं टाकायची. काम झालं की मातीत मिसळतात बघा." त्यांनी पिंपातून वापरलेल्या टरफलांचा ओला लगदा मूठभर उचलला. "खतच की हे. मी नारळाला घालणार."

"अप्पा, ते खाली ठेवा," नेत्रा म्हणाली. "हात धुवा आधी. टरफल कुजेल, निकेल कुजत नाही. ते मातीत उतरेल, विहिरीत जाईल. आम्लाने निकेल सोडवून परत घ्यायचं, आणि उरलेला लगदा धोकादायक कचऱ्यातच द्यायचा. त्याचा खर्च मी धरलाय."

चारचौघांत लेकीने तोंडावर पाडलं, म्हणून दत्तात्रेयांचे कान तापले. 'तुला काय कळतं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण कळत होतं ते तिलाच. ते मुकाट्याने नळाकडे गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊ लागले.

मागून संतोषअण्णांचा कानडी वळणाचा आवाज आला. वसाहतीतले हे सगळ्यात चिकित्सक गृहस्थ. त्यांनी मान डोलावल्याशिवाय बाकीचे हलत नसत.

"जी पोरगी स्वतःच्या अप्पालाही थाप मारू देत नाही, तिच्या तपासणीवर आणि शंका कसली काढायची री? मी आहे यात."

दत्तात्रेयांचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ते नळाशीच उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि ते लोकांना दाखवायचे नव्हते. मग मात्र त्यांना स्वतःचंच हसू आलं. ते वळले आणि ओल्या हाताने नेत्राला पुढे करत म्हणाले,

"पुढचं हिलाच विचारा. मला अर्धवट कळतं."