मागचं सीट

दादाभाऊनं गाडीचं मागचं चाक मोकळं केलं, चेन काढून डिझेलच्या डब्यात टाकली आणि गिअरच्या चकत्या हातावर घेऊन अंगठ्यानं फिरवून पाहिल्या. दाते झिजून टोकदार झाले होते.

"हे गेलं कामातून," तो म्हणाला. "म्हणूनच चढाला चेन सटकत व्हती. आबा, जरा हँडल धरा."

संपतआबांनी हँडल धरलं. धरा म्हटलं की धरायचं, बसा म्हटलं की बसायचं, ताट पुढं आलं की जेवायचं; सुदर्शन गेल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. एकुलता एक पोरगा, ताप काय आला आणि आठवड्यात आटोपला काय. आबा मातीला रडले नाहीत, दहाव्याला रडले नाहीत. बायकोनं, ठमाबाईनं सुरुवातीला त्यांना हलवून हलवून पाहिलं, मग तिनंही नाद सोडला.

गाडी सुदर्शनचीच होती. तीन चाकांची, पायानं पेडल मारायचं आणि बॅटरीवरच्या मोटरनं जोर द्यायचा. जुन्नरकडच्या एका कृषी पर्यटनवाल्यानं पाहुण्यांना बाग दाखवायला घेतली होती आणि जुनी झाल्यावर विकायला काढली होती. सुदर्शननं ती पिंपळवंडीला आणली. मागच्या बाकावर कधी टोमॅटोचे क्रेट, कधी लेक आरोही. तो गेल्यावर ती गोठ्याशेजारी उभी राहिली. सीटवर कोंबड्या बसायला लागल्या, रेक्झिन फाटलं, आतला फोम बाहेर आला.

गाडीचा विषय काढला तो सुनेनं. चांगला हलका गिअर टाकून घेऊ, सीट बदलून घेऊ, असं प्राची म्हणाली तेव्हा आबांनी मान हलवली. पोरीची शाळा, बाजारहाट, तिला लागत असेल गाडी, एवढंच त्यांच्या मनात आलं. आलं आणि गेलं. आज सकाळी तिनं टेम्पो ठरवला, गाडी चढवली आणि 'चला' म्हणाली, म्हणून ते नारायणगावात दादाभाऊच्या गॅरेजवर आले होते.

दादाभाऊनं नव्या चकत्या बसवल्या, चेन आणि चाक परत चढवलं. त्यातली सर्वांत आतली चकती चांगली बशीएवढी मोठी होती.

"हिच्यावर चेन टाकली का म्हातारं माणूसबी चढ चढतंय बघा," तो म्हणाला आणि जीभ चावली.

आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. चहा आला होता. त्यांनी तो एका दमात घेतला. कप उचलताना प्राचीला चटका बसला, तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की चहा चांगलाच गरम होता.

पुढचं सीट काढून दादाभाऊनं नवं, पाठीला टेकायचं सीट पट्टीवर ठेवलं. जुन्या पट्टीवर बोल्ट गंजून बसला होता, पार मागच्या भोकात. सुदर्शन उंच होता.

"हे कुणाच्या मापानं बसवू, वहिनी? तुमच्या?"

प्राची पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आबांच्या," ती म्हणाली.

"माझ्या कशाला?" आबा म्हणाले. "मी कुठं चालवतोय? तूच चालवणार ना."

दादाभाऊ एकदा तिच्याकडं, एकदा आबांकडं बघून म्हणाला, "मी जरा वायसर घेऊन येतो," आणि पलीकडच्या दुकानात गेला.

"आबा, तुमाला सांगायचं व्हतं," प्राची म्हणाली. "कळंबचं स्थळ आलंय. त्यांची बायको वारलीय, एक मुलगा हाय. माणसं बरी हाईत. दिवाळीनंतर करायचं म्हणत्यात."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. तो पार निघून जाईपर्यंत आबा त्याच्याकडं बघत राहिले.

"हिला म्हाईतीय?"

"आईंनीच तर पुढं व्हऊन ठरवलं. तुमच्याशी बोलायचं कुणाचं धाडस व्हईना. तुमी ऐकताय का न्हाई, तेच कळत नव्हतं."

"आन् आरोही?"

"ती माझ्यासंगं." तिचा आवाज बारीक झाला. "मी गेल्यावर बाजाराला तुमालाच जावं लागंल. आईंचे गुडघे चालत न्हाईत. म्हणून म्हटलं, माझ्या देखत गाडी नीट व्हऊन जाऊ दे."

आबांनी हँडल सोडलं. हाताला काळं लागलं होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं. काहीतरी बोलायला हवं होतं. बरं केलंस म्हणावं, जाऊ नको म्हणावं. आत हात घालून पाहिला तर दोन्हीतलं काहीच हाती लागेना.

दादाभाऊ परत आला. "बसा आबा, माप घेऊ."

आबा बसले. दादाभाऊनं सीट पुढं सरकवलं, थोडं मागं घेतलं. आबांचा पाय पेडलवर पोचला, गुडघा जेमतेम वाकला. स्टँडवर उचललेलं मागचं चाक अधांतरी फिरलं. गिअर बदलताना चेन टक् करून आत सरकली आणि पायाखालचं वजन एकदम हलकं झालं. आबा फिरवत राहिले.

"बास, बसलं नीट," दादाभाऊ म्हणाला. "आता मागचा बाक. काय करायचं त्याचं?"

"काढूनच टाका," प्राची म्हणाली. "क्रेट ठेवायला फळी ठोका. माणूस कोण बसतंय आता?"

आबांचे पाय थांबले.

"फळी नको," ते म्हणाले. "सीट शिव. पाठ लाव, कमरंला पट्टा लाव."

"कुणासाठी, आबा?" दादाभाऊनं विचारलं.

"कळंबास्तवर बॅटरी पुरती का?"

"फुल चार्ज करून निघालात तर जाताना पुरंल. तिथं परत लावावी लागंल."

आबांनी मान वळवून सुनेकडं पाहिलं.

"तिथं बॅटरीला पलग मिळंल ना गं लावायला?"

प्राचीनं तोंडाला पदर लावला आणि नुसती मान हलवली.

दादाभाऊ टेप घेऊन मागं गेला. "पाठ केवढी ठेवू? पोरगी केवढी हाय?"

आबा गाडीवरून उतरले, बाकापाशी आले आणि बसलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा त्यांनी हात हवेत धरला. दादाभाऊ टेप लावणार, तेवढ्यात त्यांनी तो वितभर वर नेला.

"एवढी धर," ते म्हणाले. "वाढत जाईल ती."