मशीनला लागणारा धूर

गोंदियाजवळच्या कुडवा गावापलीकडे, राइस मिलच्या कुंपणाला लागून, हवेतला कार्बन डायऑक्साइड गोळा करणारं यंत्र उभं राहिलं, तेव्हा सगळ्यात जास्त छाती फुगली ती ताराचंदची. यंत्र चालवणारी साक्षी त्याची मुलगी. तो स्वतः त्याच मिलच्या भट्टीवर वीस वर्षं. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायला धान वाफवतात, त्या वाफेसाठी कोंडा जाळणारा. बाप धूर सोडतो आणि लेक गोळा करते, अशी थट्टा चहाच्या टपरीवर रोज चालायची. ती खरी निघेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

साक्षीचा एकच ध्यास. नोकरी पक्की झाली की बाबांना भट्टीवरून उतरवायचं. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांची छाती वाजायची, आणि डॉक्टरांनी धूर आणि राख बंद करा म्हणून दोनदा बजावलं होतं. कंपनीचं म्हणणं, फेब्रुवारीच्या तपासणीत यंत्र पास झालं तर साक्षी कायम.

दिवाळीनंतर आकडे झकास येऊ लागले. पंखे हवा ओढायचे, जाळ्यांवरचं रसायन त्यातला वायू धरून ठेवायचं, जाळ्या तापवल्या की तो सुटून टाकीत जायचा. अपेक्षेच्या दीडपट वायू! पुण्याचे साहेब फोनवर शाबासकी देऊन थकेनात. मग जानेवारीत दुरुस्तीसाठी मिल तीन दिवस बंद राहिली, आणि टाकीत रोज जमणारा वायू धाडकन कमी झाला. साक्षीनं जाळ्या बदलल्या, पंखे तपासले. तिसऱ्या दिवशी मान वर करून तिनं मिलचं गार पडलेलं धुराडं पाहिलं आणि जुने अहवाल काढून बसली.

बाहेरच्या हवेत हा वायू किती, हे तिनं ऑगस्टमध्ये मोजलं होतं, मिल बंद असताना. तोच आकडा पुढच्या प्रत्येक अहवालात धरला, खाली सही तिची. यंत्र उघडी हवा ओढतच नव्हतं, मिलचा धूर ओढत होतं. पण गोंदियात धुराडं कोणाला दिसतं? ते असतंच. बापाच्या कपड्यांना त्याचाच वास, त्या वासात बसून ती बाराखडी शिकली. एवढी एम.एस्सी. झालेली मुलगी, घरच्या वासानं फसली.

तिनं इंजिनियर स्वप्निलला सगळं सांगितलं. तो गोंदिया शहरातला, तिचा वरिष्ठ.

"देख साक्षी," तो म्हणाला, "सगळ्या सह्या तुझ्या आहेत. आता बोलशील तर कोणी चूक म्हणणार नाही, चोरी म्हणतील. तपासणी गुरुवारी आहे अन् गुरुवारी मिलला सुट्टी. तुझ्या बाबांना भट्टी पेटवायला सांग ना."

"मी नाही सांगणार."

तिनं सांगितलं नाहीच. स्वप्निलनं सांगितलं.

गुरुवारी साक्षी आली ती खरं बोलायचं ठरवून. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. तर धुराडं भकाभका धूर ओकत होतं. मिलमध्ये धानाचा दाणा नाही, वाफेची गरज नाही, आणि कुंपणापलीकडे बाबा फावड्यानं कोंडा भट्टीत लोटत होते.

"बाबा, काऊन आले तुम्ही?"

"तुह्या सायबानं सांगतलं, मशीनले धूर लागते म्हनून. मालक, यादोराव, म्हने दुसऱ्याच्या हाती मिलची किल्ली देत नाही, तू असशीन त पेटव." खोकला आवरून ते हसले. "कोनाले सांगू नको म्हनलं सायबानं. नाही सांगत मी. जाय, तू आपलं काम पाय."

साक्षीला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना. आता खरं बोलायचं म्हणजे फावडं हातात असलेल्या बापाकडे बोट दाखवायचं.

तपासणीला आलेल्या रुचिका मॅडम तुमसरच्या. त्यांचंही लहानपण राइस मिलच्या शेजारी गेलेलं. धुराड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टाकी मोजली, अहवाल चाळले.

"आत येणाऱ्या हवेतलं प्रमाण मोजलंय ना?"

"मोजलंय, मॅडम," साक्षी म्हणाली. ऑगस्टमध्ये मोजलं होतंच की. स्वतःची तिला किळस आली.

"छान. यंत्र पास. पुढचं वर्षभर मात्र आम्ही न कळवता येणार. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

गाडी गेली. स्वप्निलनं तिचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि पेढे आणायला पळाला. साक्षी कुंपणाशी गेली. बाबा राखेनं पांढरे झाले होते, भुवयांपर्यंत.

"झालं का पक्कं?"

"झालं, बाबा."

"बस त मंग." त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि डोक्याचा दुपट्टा सोडला. "आता सोडतो भट्टी. पोरगी कमावून राहिली, मले काय कमी हाय?"

साक्षीनं कुंपणाची तार घट्ट धरली. आता सुट्टीच्या दिवशीही धूर लागणार होता. दुसऱ्या कोणाला किल्ली मिळणार नव्हती, आणि मिळाली तरी तो दुसरा गप्प बसणार नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "अजून एक वर्ष."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दुपट्टा पुन्हा बांधला, खोकत खोकत फावडं उचललं आणि भट्टीचं दार उघडलं.