मुक्ताचा बॉक्स

शेजारची नंदाबाई रडता रडता पुन्हा त्या कोपऱ्याकडे बघत होती.

पिठलं-भाकरीचा डबा तिने उंबऱ्याच्या आत सरकवून ठेवला होता. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारचं कुणीतरी जेवण आणतं. माझी बायको मुक्ता किती मायाळू होती ते ती सांगायची, पदराने डोळे पुसायची आणि मध्येच तिची नजर टीव्हीखालच्या काळ्या बॉक्सकडे जायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुक्ताची वस्तू म्हणून बघत असेल. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. बॉक्सचा दिवा बंद होता, ते ती बघत होती.

मळवलीला बंगल्यांच्या मागे आमची आळी आहे. आमचं घर आणि शेजारची चार. या पाच घरांत सेटटॉप बॉक्स एकच, तो आमच्याकडे. त्याच्यातून निघालेल्या वायरी पत्र्यांवरून, शेवग्याच्या फांद्यांवरून चारी घरांत गेल्या आहेत. कायद्याने असं चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या आळीत ते वर्षानुवर्षं चालत आलं आहे. रिमोट मुक्ताच्या हातात असायचा. ती लावेल तेच पाची घरांत दिसायचं.

ती एका बंगल्यात फरशी पुसायला जायची. त्या बंगल्यात खोलीगणिक टीव्ही आहे. मालक सणासुदीला येतात, पण पैसे वर्षभर भरतात. मी तिथेच माळीकाम करतो. तिथल्या पगारातून मुक्ता आमचा रिचार्ज मारायची. शेजाऱ्यांकडे तिने कधी काही मागितलं नाही. मी म्हणायचो, निम्मे तरी माग. ती म्हणायची, "पैसं घेतलं की त्यांचं ऐकावं लागतं. फुकाट दिलं की मी लावीन ते बगत्यात."

आणि बघायचे. ती आधी सरकारी चॅनेलच्या सातच्या बातम्या लावायची, मग तिची मालिका. मॅच असली तर शेवटच्या षटकांपुरती, तीही तिच्या मनात आलं तर. पुरुषमाणसं कुरकुरायची. पण फुकटचं घेणारा किती कुरकुरणार?

कावीळ झाली आणि आठवडाभरात ती गेली.

सुतकात टीव्ही लावत नाहीत. आमचा बंद झाला, त्याबरोबर चारी घरांचा बंद झाला. माझ्याकडे जी माणसं बसायला आली, त्यांतली मुक्तासाठी किती आली आणि बॉक्ससाठी किती, हे मी त्यांच्या नजरेवरून सांगू शकतो. नंदाबाई निदान रडत तरी होती.

कोंडू रडलाही नाही. पलीकडच्या घरातला हा माणूस भात लावणीला आणि कापणीला दिसतो, बाकी वर्षभर पारावर बसून देश कसा चालवावा ते सांगतो. तो आला, मांडी घालून बसला. मरण कुणाच्या हातात नसतं, असं म्हणाला. मग म्हणाला, रविवारी मॅच आहे. बॉक्स तेवढ्यापुरता त्याच्या घरी नेला तर चालेल का? म्हणजे माझ्या सुतकालाही बाध यायचा नाही.

मी बॉक्सकडे बघत बसलो. त्याला वाटलं, मी विचार करतोय.

"मुक्ता मला भनीवानी व्हती, भाऊ," तो म्हणाला.

"भन म्हंतोस, तर मग तुला बी सुतक हाय," मी म्हणालो. "मॅच कशी बगशील?"

त्याचं तोंड पडलं. पण असली माणसं लगेच उठत नाहीत. त्याने विषय सरकारवर नेला. टीव्ही मुळात सरकारनं सगळ्यांना फुकट द्यायला पाहिजे, म्हणाला. सरकारी डिशची छत्री असते, एकदा बसवली की पुन्हा पैसे नाहीत. मी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही बसवलीस? तर म्हणे, त्याच्यावर मॅच धड दिसत नाही. म्हणजे सरकारनं द्यावं, फुकट द्यावं, आणि याला हवं तेच द्यावं.

जाताना मात्र तो दारात थांबला.

"एका घरात मयत झाली म्हनून समद्या देशाचा टीव्ही बंद पडतो का? सरकारी असंल, तर समदे मिळून भरत्यात. कुना एकाच्या मरनावर ऱ्हात न्हाई."

त्याच्या आयुष्यात तो एवढंच एक शहाणं वाक्य बोलला असेल. ते माझ्या बायकोचं दहावं व्हायच्या आत, माझ्याच दारात बोलला.

माझी लेक सविता वडगावला दिलेली. ती दिवसभर असायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. तिलाही कुणीतरी गाठलं. जाताना ती चाचरत म्हणाली, "आबा, लावू द्या की त्यांना. आईनं लावलं असतं." मी तिच्यावर ओरडलो. मुक्ताने लावलं असतं, हे मलाही माहीत होतं. म्हणूनच ओरडलो. मुक्तासाठी मला एवढी एकच गोष्ट करता येत होती, घर गप्प ठेवणं. तीही ही माणसं मागत होती.

रविवारच्या आदल्या संध्याकाळी चारी घरची माणसं माझ्या अंगणात जमली. वर्गणी काढायचं ठरवून आली होती. मुक्ता होती तोवर एकाच्याही खिशातून रुपया निघाला नव्हता, आता हे दानशूर झाले होते. दर महिन्याला सगळे मिळून रिचार्ज मारणार, बॉक्स कोंडूकडे राहणार. पण लगेच भांडण जुंपलं. कोंडूला खेळाचं चॅनेल पाहिजे. संदेशला हिंदी पिक्चर. त्याची बायको रुपाली म्हणे, पोरांचं कार्टून नसेल तर आम्ही का भरायचं? जो तो म्हणत होता, मी पैसे देणार, माझं लागलं पाहिजे. बॉक्स एक, त्यावर एका वेळी एकच चॅनेल दिसणार, हे कुणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. मुक्ताच्या एका रिमोटने या सगळ्यांना गप्प ठेवलं होतं, आणि आम्हाला वाटायचं ती नुसती टीव्ही बघते.

तेवढ्यात कोंडूच्या परड्यातून हाक आली. चॅनेल लावायचं तर परड्यातून मुक्ताला हाक मारायची, ही आळीची रीत. कोंडूची म्हातारी आई, चिंगीमावशी, दिवेलागणीला रोज मारायची.

"मुक्ते, बातम्या लाव गं. सात वाजलं."

अंगणातलं भांडण थांबलं. मावशीला विसर पडत नाही. मुक्ताला शेवटची अंघोळ तिनेच घातली होती. जिभेचीच सवय. हाक मारून झाली आणि तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण पुढे आवाज आला नाही.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. एवढी लाज तरी त्यांना होती.

मी आत गेलो. आमचा टीव्ही बंदच ठेवला, त्याच्यावर मुक्ताचं लुगडं टाकलं. मग नुसता बॉक्स चालू केला आणि अंदाजाने आकडे दाबून सरकारी चॅनेल लावलं. माझ्या घरात काही दिसलं नाही. बाहेर चारी घरांतून बातम्यांचा आवाज येऊ लागला. माणसं एकेक करून आपापल्या घरी गेली. वर्गणीचं कुणी पुन्हा बोललं नाही.

थोड्या वेळाने कोंडूने विचारलंच, भाऊ, खेळाचं लावता का?

बातम्या संपल्यावर मी मुक्ताच्या मालिकेचं चॅनेल लावलं. कितवं ते शोधायला वेळ लागला. ती मालिका मी कधी धड बघितली नाही. तिच्यात कोण कुणाचं, ते मला ठाऊक नाही. ओट्यावर बसून आवाज ऐकत राहिलो. सगळ्या बायका बोलत होत्या, कुणीतरी रडत होतं.

आमची आणि नंदाबाईची भिंत एकच. मालिका चालू असताना ती आणि मुक्ता भिंतीतून एकमेकींशी बोलायच्या. आज भिंतीवर बोटांनी वाजवल्यासारखं झालं. मी आत जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो.

"भाऊ," नंदाबाई पलीकडून म्हणाली, "त्यातली पोरगी सापडली बगा. मुक्ता म्हनायची, सापडनार म्हनून."

कुठली पोरगी, ते मी विचारलं नाही.

"बरं झालं," मी म्हणालो.