ताणून ठेवलेला पाय

आमच्या रोबोचा पाय मागे खेचला की ओजसही मागे खेचला जातो. तो स्टुटगार्टला असतो. पण इथे विंच दोर गुंडाळायला लागला की वर्कशॉपच्या दारातून आधी त्याची पाठ आत येते, मग तो.

यंत्र साधं आहे. दोर ओढला की रबरी पट्ट्या ताणतात आणि पाय मागे जाऊन खटक्यात अडकतो. खटका सोडला की फुटबॉलला लाथ बसते. हे आम्ही दोघांनी मिळून काढलेलं डिझाइन. मग तो मला सोडून गेला, तिकडे लग्न केलं, आणि दोराचं एक टोक त्याच्या कमरेच्या पट्ट्याला राहिलं. आमच्या टीमचे हुबळीकर सर म्हणाले, "लाथ जोरात बसते ना? मग राहू दे."

त्याच्या तोंडाला कधी टूथपेस्टचा फेस असे. खाली फरशीवर थेंब पडत, त्यावरून कळे. चेहरा मात्र मला एकदाही दिसला नाही.

"वळ ना जरा," मी म्हणायचे.

"दोर ताठ आहे गं शाल्मली. सोड लवकर, तव्यावर पोळी आहे."

"तू पोळ्या कधीपासून करायला लागलास?"

"तिला आवडतात."

मी खटका सोडला. बॉल जाळीत गेला, ओजस दाराबाहेर गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सरांचा एक नियम होता: पाय ताणून ठेवायचा नाही, रबर थकतं. आणि वर्कशॉपचा एक नियम होता: खंडेनवमीला पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मी दोन्ही नियम नीट पाळणारी मुलगी. पण त्या खंडेनवमीला सर यायच्या आत मी विंच फिरवला, पाय खटक्यात अडकवला आणि घाईघाईने यंत्राला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला.

"अगं, पाय ताणलेला आहे!" सर दारातूनच ओरडले.

"पूजा झाली सर. आता उद्या."

"रबर मरेल! परवा स्पर्धा आहे!"

"मरू दे."

सरांनी कपाळावर हात मारला, पण हाराला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. सगळेजण पेढे घेऊन घरी गेले. मी ओजसच्या पाठीमागे स्टूल ओढून बसले आणि दुपारभर बोलत राहिले. पोळी करपल्याचा वास येत होता. आधी तो "हो" म्हणत होता, मग नुसतं "हं". खांदे उतरत चालले होते. मला त्याची दया आली, तरी सोडवेना. एकदा, फक्त एकदा मला तो समोरून हवा होता.

ऊन कलताना रबर सैल पडलं. दोराला झोळ आला.

"आता वळता येईल तुला," मी म्हणाले.

"वळू?"

"वळ."

त्याला टिळा लावावा म्हणून मी बोट कुंकवात बुडवलं. यंत्रावरची फुलं पडू नयेत अशा बेताने तो हळूहळू वळला. त्या बाजूलाही पाठच होती. तोच शर्ट, तीच मान, मानेवरचे तेच बारीक केस.

"दिसलो का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि कुंकवाचं बोट तसंच वर धरून राहिले.