शेषप्पाचा डावा हात

चार्माडी घाटातल्या पाचव्या वळणावर गाडी आधी कण्हली, मग स्टिअरिंग दगड झालं.

"पॉवर स्टिअरिंग गेलं," शेषप्पा म्हणाला.

शेजारी बसलेली त्याची पोर जलजा हसलीच. बाप बावीस वर्षं कॉफीच्या इस्टेटीची गाडी चालवतोय. अँबॅसिडर होती तेव्हा हाच घाट नुसत्या मनगटावर उतरायचा. नव्या ड्रायव्हरांना टोमणे मारायचा, "एका बोटानं गाडी चालवता लेको, पोरी बऱ्या तुमच्यापेक्षा!"

"मग खेचा की. अँबॅसिडर समजा."

मागे इस्टेटीच्या मालकीण, बंगल्यातल्या अम्मा, डोळे मिटून बसलेल्या. त्यांना मंगळूरला डॉक्टरकडे न्यायचं होतं. शाळा सोडल्यापासून जलजा त्यांची पिशवी सांभाळायची.

शेषप्पा खेचत होता, पण एकाच हातानं. गाडी वळेना. कठडा जवळ यायला लागला.

"अप्पा, दोन्ही हातांनी!"

तेव्हा तिला दिसलं. डावा हात स्टिअरिंगवर होता, पण नुसता ठेवलेला. बोटं काही धरतच नव्हती.

ती अर्धी त्याच्या अंगावर गेली. "तुम्ही ब्रेक बघा!" म्हणत दोन्ही हातांनी चाक ओढलं. गाडी कठड्याला घासता घासता वळली.

उरलेली वळणं दोघांनी अशीच पार केली. आई हल्ली त्याच्या लुंगीची गाठ का मारून देते, ते जलजाला आत्ता कळलं. आणि डाव्या हातात काही द्यायला गेलं की तो अंगावर का यायचा, तेही. "डाव्या हातात देतात का? आईनं हेच शिकवलं?"

पायथ्याला इदिनब्बाचं गॅरेज होतं. बॉनेट उघडून तो म्हणाला, "शेषण्णा, स्टिअरिंगचा पाईप फुटलाय. सगळं तेल घाटाला पाजलंत! दुसरा असता तर दरीत गेला असता. तुमचे हात म्हणजे जुनं लोखंड."



पाईप बदलला, तेल भरलं. इदिनब्बानं एका बोटानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "घ्या, लोणी!" किल्ली त्यानं जलजाकडे दिली.

शेषप्पानं उजवा हात पुढे केला. "आण. अम्मांना उशीर होतोय."

जलजाचं टाळकं सरकलं. "डाव्या हातानं घ्या."

"डाव्या हातानं किल्ली घेतात का गं?"

"घ्या म्हणते ना! कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? एका बोटानं चालत होती ना."

इदिनब्बा हात पुसता पुसता थांबला. अम्मांनी काच खाली केली.

शेषप्पानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला. जलजाचा राग कुठल्या कुठे गेला. किल्ली खिशात घालून पळून जावंसं वाटलं तिला. पण हात तसाच पुढे होता. तिनं किल्ली ठेवली. बोटं जरा हलली, मिटली नाहीत. किल्ली तेलकट चिखलात पडली.

कुणी वाकेना. शेवटी शेषप्पाच वाकला. उजव्या हातानं उचलली, शर्टाला पुसली आणि खिडकीतून अम्मांच्या हातात दिली.

"इदिनब्बा, मंगळूरपर्यंत तू ने."

मग गाडीला वळसा घालून तो जलजाच्या जागेवर बसला. पट्टा ओढला, पण तो काही लागेना.

"लावून दे गं," तो समोर बघत म्हणाला.