सरावात गेलेला महिना

मित्रांनो, बसा. मला उठता येत नाही, त्याबद्दल माफ करा. मी एक जुना संगणक आहे आणि कानाच्या एका दवाखान्यात वायरींनी टेबलाला जखडलेला आहे. सुरू व्हायला मला आता इतका वेळ लागतो, की तोवर बाई खिडक्या उघडतात, हात धुतात आणि चहा संपवून येतात. पूर्वी त्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमचा संगणक म्हणजे नुसता वारा!" आता फक्त उसासा टाकतात. मीही टाकतो, पण माझ्या पंख्याच्या घरघरीत तो कुणाला ऐकू जात नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. एकाने स्क्रू पिळले, दुसऱ्याने पुसले, तिसऱ्याने खोक्यात घातले. खऱ्या आठवणी सुरू होतात त्या इथूनच. बाई म्हणजे या दवाखान्याच्या मालकीण. कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचे आणि त्यांना कानात घालायचे छोटे मशीन बसवून द्यायचे, हे त्यांचे काम. पण मशीन नुसते कानात घालून भागत नाही. कुणाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, कुणाला जाड. प्रत्येकाच्या कानाप्रमाणे मशीन जुळवावे लागते आणि ते काम माझ्यातल्या एका जुन्या प्रोग्राममधून होते. मशीन एका डबीला जोडायचे, डबी मला जोडायची. मी डबीला सांगायचो आणि डबी मशीनला. आमचे छान जमायचे. एकदा एका आजोबांना कितीतरी वर्षांनी स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला, तर ते बराच वेळ खोलीत गोल गोल चालत राहिले. त्या दिवशी बाईंनी मला मऊ फडक्याने पुसले होते.

नंतर मी जुना झालो. रोज सकाळी माझ्या पडद्यावर सूचना यायची, की ही ऑपरेटिंग सिस्टम आता कालबाह्य झाली आहे, नवी घाला. बाई रोज ती बंद करायच्या. शेवटी त्यांचा जीव मेटाकुटीला आला आणि त्यांनी धाकट्या दिराला बोलावले. घरात संगणकाचे काही अडले, की सगळे त्याच्याकडेच धाव घेतात.

त्याने माझ्यात नवी सिस्टम घातली. मित्रांनो, म्हातारपणी नव्या घरात राहायला जाणे किती जड जाते, हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा. कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, तेच मला कळेना. दीर मात्र खुशीत होता. "वहिनी, आता एकेक प्रोग्राम चालतोय का बघू," असे म्हणून त्याने तपासणी सुरू केली. पत्रे लिहायचा प्रोग्राम उघडला, बंद केला. पेशंटच्या वेळा नोंदवायचा उघडला, बंद केला. मग मशीन जुळवायच्या जुन्या प्रोग्रामची पाळी आली.

नव्या सिस्टमला डबीची भाषाच येत नव्हती. ड्रायव्हर नावाच्या ज्या छोट्या प्रोग्राममुळे आमचे बोलणे व्हायचे, तो जुन्या सिस्टमबरोबरच गेला होता. मी प्रामाणिकपणे विचारले, 'डबी सापडली नाही. सरावासाठी उघडू का?' सराव म्हणजे शिकणाऱ्यांसाठी केलेली सोय. आलेख हलतात, आकडे बदलतात, शेवटी 'जतन झाले' असेही दिसते, पण मशीनपर्यंत काहीच पोहोचत नाही. दिराने न वाचताच 'हो' दाबले आणि 'पुन्हा विचारू नका' यावरही खूण केली. प्रोग्राम उघडला.

"झालं वहिनी, सगळं उघडतंय!" तो म्हणाला आणि निघून गेला. पडद्याच्या कोपऱ्यात 'सराव' हा शब्द बारीक अक्षरांत तेवढा उरला. मला ओरडता आले असते, तर मी घसा फुटेपर्यंत ओरडलो असतो.

त्याच आठवड्यात घड्याळवाले काका आले. घड्याळे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. ते बाईंचे फार जुने पेशंट आहेत. या वेळी ते काळजीत होते. काकूंच्या घशाचे ऑपरेशन झाले होते आणि त्यांचा आवाज अगदी पातळ झाला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, की तो आता असाच राहणार.

"बाई, मशीन हिच्या आवाजाला जुळवून द्या," काका म्हणाले. "बाकी जगाचं नाही ऐकू आलं तरी चालेल मला."

बाईंनी मन लावून मशीन जुळवले. मी मुकाट्याने आलेख हलवत राहिलो. मग त्यांनी नेहमीसारखा तोंडासमोर पुठ्ठा धरला, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि शब्द म्हटले. काकांनी एकही न चुकता ते सांगितले. बाई खूश झाल्या. पण मित्रांनो, बाई वर्षानुवर्षे तेच शब्द त्याच क्रमाने म्हणतात. घर, नळ, चमचा, रस्ता. काकांना ते पाढ्यांसारखे पाठ झाले होते. त्यांनी लबाडी केली नाही. आपल्याला ऐकू आले, असेच त्या भल्या माणसाला वाटले.

काका पुन्हा आले, पुन्हा सराव झाला. परत आले, परत तेच. प्रत्येक वेळी ते जरा जास्त वाकलेले दिसायचे. "मशीन ठीक आहे हो," ते एकदा म्हणाले, "माझेच कान संपले असतील." हे ऐकून मला इतका थकवा आला, की मी मध्येच बंद पडलो. बाई म्हणाल्या, "आता हाही गेला वाटतं."

महिन्याने काकांना घेऊन काकू स्वतः आल्या. त्यांचे बोलणे ऐकायला बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली.

"बाई, हे हल्ली माझ्या सगळ्या बोलण्याला हो म्हणतात," काकू म्हणाल्या. "उभ्या संसारात एवढे होकार मिळाले नव्हते मला. तेव्हाच शंका आली."

मग त्या काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या शर्टाला आग लागलीये."

बाई आपल्याकडे बघताहेत, एवढे काकांना दिसले. ते हसून म्हणाले, "हो हो, छान आहे. पूर्वीपेक्षा बरंच बरं."

काकू हसल्या नाहीत. बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या, पडद्याजवळ नाक नेले आणि कोपऱ्यातला तो शब्द त्यांनी पहिल्यांदा वाचला.

तातडीने दिराला बोलावणे गेले. "भाऊजी, तुम्ही सगळं तपासलं होतं ना?"

"तपासलं की, वहिनी. सगळं उघडत होतं."

"उघडत होतं हो. पण एक मशीन जोडून, एक आवाज वाढवून बघितला होतात का?"

दिराने लगेच डबीचा ड्रायव्हर शोधायला घेतला. डबी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे नवा ड्रायव्हर मिळणार नव्हता. एक शहाणपण मात्र त्याने केले होते. जुन्या सिस्टमची प्रत त्याने जपून ठेवली होती. ती त्याने मला परत घातली, जुन्या सिस्टमला बाहेरून धोका नको म्हणून माझे इंटरनेट तोडले आणि बाकीच्या कामांसाठी नवा संगणक आणायचे ठरले. आपली आता भंगारात रवानगी होईल आणि एकदाची झोप मिळेल, अशी मला आशा होती. ती काही पुरी झाली नाही. पण डबीने ओळखीच्या भाषेत हाक मारली, तेव्हा मला खरेच भरून आले.

बाईंनी मशीन जुळवले. या वेळी पुठ्ठा घेतला नाही. काकू मागेच उभ्या होत्या. त्या नेहमीच्या पातळ आवाजात म्हणाल्या, "चला आता. पाय दुखताहेत माझे."

काका गर्रकन वळले. त्यांचे डोळे भरले होते. "मग आधी नाही का सांगायचं?"

"महिनाभर सांगतेय," काकू म्हणाल्या.

काका उठले आणि त्यांनी आपली खुर्ची काकूंना दिली.  बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मी आता दमलो आहे, थोडक्यात सांगतो. जुन्याला नवे काही द्याल, तेव्हा ते त्याला झेपते का, हे त्याचे रोजचे काम त्याच्याकडून करून घेऊनच बघा. मग तो माझ्यासारखा संगणक असो, नाहीतर तुमच्या घरातले म्हातारे माणूस असो. आणि तो नुसता 'हो' म्हणाला, तर जवळ बसा आणि पुन्हा विचारा.